तेविसावी स्लाइड

११ मार्च २०२४, सोमवार

तेवीस नंबर तपकिरी! पूर्ण तपकिरी!

बावीस स्लाइडी निळ्या गेल्या. कुठे एखादा पुसट ठिपका, तोही ओढूनताणून मोजायचा. आणि आज एकदम हे. मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला, परत बघितलं. तेच. शेकडो पेशी, नि एकूण एक रंगलेली.

लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. अभ्यास आमचा साधाच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढतं आणि हळूहळू बुबुळाकडे सरकतं. होडीवरचे, शेतातले, खनिजाच्या ट्रकावरचे – उन्हाधुळीत जन्म गेलेली माणसं. ऑपरेशन करून ते मांस काढतात आणि एरवी कचऱ्यात टाकतात. ते आम्ही मागून घेतो. त्यात इस्ट्रोजेनचे, म्हणजे बाईच्या हार्मोनचे, रिसेप्टर आहेत का ते बघायचं. पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा, त्यावर अँटिबॉडी घालायची. रिसेप्टर असेल तिथेच ती चिकटते, बाकीची धुऊन जाते. चिकटली तिथे तपकिरी रंग येतो. नसेल तर निळं. बस.

तेवीस नंबर पुरुष आहे. वय अठ्ठावन्न. नाव आमच्याकडे नसतं.

पुरुषाच्या डोळ्यात एवढे? कुठून?

१२ मार्च

मॅडमना दाखवली. डॉ. तेजस्विनी – अभ्यास त्यांचाच. एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "गौरवी, हा तर कंट्रोल आहे. तू स्लाइडी बदलल्यास."

कंट्रोल म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा एक जुना तुकडा. दर वेळी सोबत लावतो. तो तपकिरी व्हायलाच हवा – झाला तर अँटिबॉडी काम करते हे कळतं.

मी म्हटलं, "नाही मॅडम. नंबर मी पेन्सिलीने आधी घालते, मग काप घेते."

"मग कंट्रोलचा कण पाण्यातून तरंगत येऊन ह्यावर बसला. पण हे पुरुषाचं नाही. अकरा वर्षं झाली ना तुला इथे?"

दोन विद्यार्थिनी बाजूलाच उभ्या. कान तापले माझे. अकरा वर्षांत एक स्लाइड इकडची तिकडे नाही झाली! आणि कराराची मुदत ह्याच महिन्यात संपते.

संध्याकाळी घरी पेडण्याला पोचले तर आई म्हणाली, "तोंड असा कित्याक गो?" काय सांगू तिला.

१३ मार्च

परत केली. परत तपकिरी.

१४ मार्च, गुरुवार

सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप काढले. नवी पाती, नवं पाणी, नव्या काचा. कंट्रोल दुसऱ्या टेबलावर – जवळसुद्धा आणला नाही. काचा उकळायला आमच्याकडे साधा घरातला कुकर आहे, तोही घासून घेतला. मॅडम स्वतः समोर स्टूल घेऊन बसल्या. अँटिबॉडी त्यांनीच घातली. मी फक्त वेळ बघत होते.

रंग यायला पाच मिनिटं लागतात. तीनातच दिसायला लागला.

मॅडमनी स्टूल मागे सारलं. त्याच ठोकळ्याच्या खोल भागाची नेहमीच्या रंगाची स्लाइड करायला सांगितली. महिन्यापूर्वी वरच्या कापात नुसतं साधं मांस होतं, तेवढं बघून रिपोर्टात 'ठीक' लिहिलेलं. आता खाली गेलो तर – पेशींचे गठ्ठे. मोठ्या, वेड्यावाकड्या, एकीला एक चिकटलेल्या.

"हे डोळ्याचं नाही," मॅडम म्हणाल्या. स्लाइड सरकवून कडेपर्यंत बघितली. मग, "हा स्तनाचा कॅन्सर आहे गौरवी. तिथून इथे आलाय."

"पण मॅडम, तो पुरुष –"

"पुरुषालाही तिथे थोड्या त्याच पेशी असतात. क्वचित होतो. आजवर मी फक्त दोन बघितले. आणि डोळ्यात आलेला एकही नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "परवा तुला पोरींसमोर बोलले. चुकलंच माझं." आणि खरंच त्या दोघींना बोलावून सांगितलं!

मला त्याने बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण – हे इथेच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही – काल संध्याकाळी मी वहीत तेवीसपुढे 'बाद' असं लिहिलं होतं. बावीस नमुने सरळ आहेत, एक गेला तर कोणाचं काय जातं! माझा करार राहिला म्हणजे झालं. पेन्सिलीने लिहिलं होतं. आज सकाळी खोडलं. ठसा अजून दिसतो.

माणूस खोडत होते मी.

१५ मार्च

परवानगी घेऊन नाव काढलं. गोकुळदास. ट्रक ड्रायव्हर, डिचोली. टाके बघायला बोलावलं होतं, आलेच नाहीत. फोन बंद.

१८ मार्च, सोमवार

मॅडम आणि मी डिचोलीला गेलो. बाजारातून पुढे, खाणीच्या रस्त्याला घर. दारातल्या जास्वंदीच्या पानांवर लाल धूळ. मूळचे दोडामार्गचे, खाणींच्या वेळी इकडे आले. मधे खाणी बंद होत्या तेव्हा वाळूची गाडी चालवली, आता परत ट्रक.

बायको सत्यवती. आत बोलावलं, खुर्च्या पुसल्या, चहा टाकला. गोकुळदास बाहेर आले. डावा डोळा अजून लाल. भर दुपारी, पंखा गरगरत असताना, शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावलेलं! मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे.

मॅडम सरळ विचारतात. "छातीला कुठे गाठ आहे?"

ते बायकोकडे बघून म्हणाले, "हिका भायर वच म्हणान सांगा."

सत्यवती बाहेर गेली नाही. चहाचा ट्रे हातात तसाच.

त्यांनी बटणं काढली. एक एक. बनियानच्या आत डाव्या बाजूला फडक्याची घडी. मॅडमनी ती सोडवली. मी बारा महिने कॅन्सर काचेवर बघते – जिवंत माणसावर असा बघितला नव्हता. आत ओढलेलं, दगडासारखं, एका बाजूला चिघळलेलं.

"किती दिवस?"

"तीन वर्सां."

ट्रे खाली आदळला. कप फुटले. सत्यवती म्हणाली, "तीन वर्सां! म्हणान तुमी बनियान आपणच धुयत होतात? माका वाटला, म्हातारपणी शाणे झालात!"

गोकुळदास जमिनीकडे बघत म्हणाले, "बायल माणसांचा दुखणा ता. माका झाला म्हणान कोणाक सांगतलंय? ट्रकावरची पोरां हसतली."

सत्यवती फुटलेल्या कपांवरून चालत आत गेली आणि धुतलेलं पातळ फडकं घेऊन आली. मॅडमच्या हातात दिलं नाही. स्वतःच घडी केली, स्वतः बसवली. एकदाही तोंड फिरवलं नाही तिने.

निघताना गोकुळदासांनी मला हळूच विचारलं, "डोळ्याचा मांस काढलात, तातूत ह्या दिसला?"

"हो."

"सगळ्यांका दिसता?"

"नाही काका. आम्हाला फक्त नंबर दिसतो."

त्यांनी मान हलवली. तेवढ्याने त्यांना केवढं हायसं वाटलं! मला गाडीत बसेपर्यंत रडू आवरलं नाही.

२ एप्रिल

गोकुळदासांच्या तपासण्या झाल्या. हाडांतही गेलाय. पुरता बरा होणारा नाही. पण रिसेप्टर आहेत ना – म्हणून गोळी लागू पडते. रोज एक. रिसेप्टर अडवून ठेवायचे, की पेशींना वाढायचा हुकूम मिळत नाही. बरीच वर्षंही निघतात कधीकधी, मॅडम म्हणाल्या.

आमच्या बावीस नमुन्यांतून काही निष्कर्ष निघेल असं दिसत नाही. मॅडमना त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. मलाही.

करार वाढला.

२० मे, सोमवार

गोकुळदासांच्या रक्ताचा रिपोर्ट. ह्या कॅन्सरचा दोष जनुकातच आहे – म्हणजे मुलांकडे जाऊ शकतो. अर्धी शक्यता.

मुलं दोन. सेजल सव्वीस वर्षांची, मुळगावला शाळेत शिकवते, डिसेंबरात लग्न ठरलंय. प्रज्योत चोवीसचा, हरमलला पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. मॅडमनी दोघांनाही बोलावलं. पण बोलणं सगळं सेजलशीच झालं. माझंही. तास दीड तास तिला कागदावर चित्रं काढून समजावलं – दोष असला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, लवकर आणि नियमित तपासायचं, काय काय उपाय असतात. पोर धीट. म्हणाली, "लग्न मोडतत तर मोडूंदेत. पयलीं माका कळूंदे."

सत्यवती मावशी बाकावर बसून मुलीचे केस नीट करत होत्या. उगाचच. नीटच होते ते.

सेजलला सुईची भीती. तर प्रज्योत बाही सरकवून पुढे आला – "हिचो जीव जायत. पयलीं माझा काढा, मगे ही बसतली." सगळे हसले. सिस्टरने फॉर्मवर सही घेतली, बाटली भरली. तो मोबाइल बघत बाहेर गेला.

२७ जून

गोकुळदास आले होते. डोळा स्वच्छ. छातीची जखम सुकलेली! मॅडमनी मोजून बघितलं, गाठ निम्मीही राहिलेली नाही. मला म्हणाले, "बाय, ट्रकवाल्यांक मीच सांगलंय. एक जण हसलो. बाकी गप रवले. मगे एका जणान माका बाजूक घेवन इचारल्यान, गाठ कशी लागता हाताक?"

आज पोई पाव आणि भाजी घेऊन आल्या होत्या मावशी. लॅबमध्ये खायला मनाई. जिन्यात बसून खाल्ली. बऱ्याच दिवसांनी जेवण चवीचं लागलं.

९ जुलै

सेजलचा रिपोर्ट अजून नाही. तिचा रोज मेसेज. मला ती शपथ घालते, आला की लगेच सांगायचं. सांगणार मॅडमच, तरी हो म्हणते. आई म्हणाली, देवळात नारळ ठेवते त्या पोरीसाठी. ठेव म्हटलं.

१६ जुलै, मंगळवार

आले. दोन पाकिटं.

मॅडमनी सेजलचं आधी उघडलं. निगेटिव्ह! मी टाळी वाजवली, ओरडलेच जवळजवळ. दाराबाहेर बाकावर ती आणि मावशी बसलेल्या, ऐकू गेलं असणार. दुसरं पाकीट मी विसरूनच गेले होते.

मॅडमनी ते वाचलं. परत नाव वाचलं. मग माझ्याकडे सरकवलं.

प्रज्योत. पॉझिटिव्ह.

खाली स्कूटर सुरू ठेवून उभा आहे तो, बहिणीला घरी न्यायला. दोन महिन्यांत मी त्याला एक अक्षर समजावलं नव्हतं. तेवीस नंबर काचेवर बघितलेली मीसुद्धा!