बंद इंजिनाचं माप

प्रिय बारके,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. सहा वर्षं आपण बोललो नाही, तेव्हा एक पत्र वाचून तुझं काही बिघडणार नाही. गॅरेज बरं चाललंय. आप्पांच्या खुर्चीचा मोडका पाय मी शेवटी बदलला. आता ती डुगडुगत नाही, त्यामुळे तिच्यात बसावंसंही कुणाला वाटत नाही.

परवा आप्पांची फार आठवण आली. गाडी आली की ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायचे, पुसायचे, परत घालून काढायचे आणि तेल बोटांवर चोळून नाकाशी न्यायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं! मग ऑटोमॅटिक गिअरच्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्या गिअरबॉक्सला पट्टीच नाही. आप्पांनी अर्धा तास शोधली आणि कंपनीवाले बसवायला विसरले असं ठरवून मोकळे झाले. तू मात्र पुस्तक घेऊन बसलीस. आठ दिवसांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलंस: गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, तेल कोमट, मगच गिअरबॉक्सखालचं मापाचं बूच उघडायचं. तेल बारीक धारेने येऊन थेंबांवर आलं की माप बरोबर, काहीच आलं नाही तर कमी. तेलाचा ताप मोजणारी डॉक्टरीण म्हणून मी तुला किती चिडवलं! खरं सांगू? मला हेवा वाटायचा. तुझ्याआधी दहा वर्षं मी तिथे हात काळे करत होतो आणि अडलं की आप्पा हाक तुला मारायचे.

शाळेच्या हेडबाईंच्या गाडीचं गिअरबॉक्सचं तेल तू बदललंस, तेव्हा आप्पा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पंधरा दिवसांनी गाडी ओढून आणावी लागली. गिअरबॉक्स जळला होता, आत तेल कमी. बाई संतापलेल्या, चार गिऱ्हाइकं बघत उभी, आणि मी मोठ्याने म्हणालो की हिला साधं तेल भरायची अक्कल नाही. हात धुतलेस, पाना जागेवर ठेवलास आणि गेलीस. त्यानंतर पट्टी नसलेली गाडी मी कधी कामाला घेतलीच नाही.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्याने गळ घातली म्हणून घेतली. पुठ्ठा अजून भिंतीवर आहे. तुझ्या पायऱ्यांनी गेलो आणि थेंब अगदी तू लिहिलंस तसे आले. बूच लावलं, इंजिन बंद केलं आणि मुद्दाम बूच पुन्हा उघडलं. भळाभळा तेल आलं, बारके. इंजिन चालू असताना पंपाने वर ओढून धरलेलं सगळं खाली उतरलं होतं. मी तिथेच गाडीखाली बसून राहिलो.

कारण तू तेल बदललंस त्या दिवशी, तू जेवायला गेल्यावर मी हेच केलं होतं. तुझं काम तपासायला म्हणून हेडबाईंच्या गाडीचं बूच उघडलं होतं, इंजिन बंद ठेवून. तेल वाहिलं तसं तू जास्त भरलंस म्हणून मनातल्या मनात खूश झालो, वाहू दिलं आणि बूच लावून टाकलं. काल हेडबाईंच्या घरी जाऊन हे सांगितलं. तुला बोललो तेव्हा बघत उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांपैकी तिघे सापडले, त्यांनाही सांगितलं. चौथा गाव सोडून गेलाय, त्याचा पत्ता शोधतोय. मला हे गेल्या आठवड्यात कळलं, एवढं लिहून थांबलो असतो तर तू कदाचित माफही केलं असतंस. पण गाडी ओढून आणली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तू हात धूत होतीस तेव्हा मला ते बूच आठवत होतं, आणि मी तुला जाऊ दिलं.

तुझाच,
दादा