घाटाच्या दिवशी चतुर्थी

माय,

उद्या पहाटे निघून राह्यलो आम्ही. मारेगावच्या सात-आठ बाया, सायकलीवर, तीन दिवसांत चिखलदऱ्याले. हास, हास. तुहा जावईबी पहिले हासला. आता नुसता माह्या चाकातली हवा दाबून पाह्यते अन् पुटपुटते, "पन्नाशीत कायले पाह्यजे हे खूळ?" बसाच्या जागी जाड फोम लावलेल्या साऱ्याईच्या चड्ड्या मीच शिवल्या, मापं घेताना हासून हासून पोट दुखलं. आज मात्र दुकानाचं शटर अर्धं ओढून मशीनीपुढं बसली आहे अन् तुले हा कागद लिहून राह्यली. तिसऱ्या दिवशी घाट आहे, अन् त्याच दिवशी चतुर्थी.

मागच्या चतुर्थीचं तुले सांगतलं पाह्यजे. वणीच्या रोडवर सरावाले गेलतो. तुह्यासारखाच कडक उपास, सकाळपासून काळ्या चहाशिवाय पोटात काही नाही. आम्ही एकीमागं एक, लाईनीत चालवतो, चाकाले चाक लागन इतक्या जवळ. मी मधात होती. मांगून कोळशाचा ट्रक हॉर्न मारत येऊन राह्यला, अन् माह्या डोळ्यांपुढं एकदम अंधारी. हँडल कुठं गेलं कळलंच नाही. माह्या मांगं किराणावाल्याची सून होती, लेकरं लहान तिची. मले वाचवाले तिनं सायकल वळवली अन् रोडवर पडली. ट्रकचं चाक तिच्या डोक्याजवळून गेलं, माय. तिची पाण्याची बाटली त्या चाकाखाली चेंदामेंदा झाली. पोरगी उठून बसली, कोपरातून रक्त गळून राह्यलं, अन् मलेच विचारते, "काकू, तुमाले लागलं का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

आमची पुढारीण म्हणजे शाळेतली खेळाची मॅडम, माह्याहून किती लहान. ती माह्या तोंडात गूळ-शेंगदाणे कोंबाले आली, तं मी दात आवळून घेतले. चंद्र निघाचा होता ना! तिनं मले पाह्यलं, किराणावाल्याच्या सुनेचं कोपर पाह्यलं, अन् सावकाश बोलली, "काकू, तुमचा उपास तुमच्यापाशी. पण तुमच्या मांगं आम्ही असतो. घाटाच्या दिवशी चतुर्थी येते, मी पाह्यलं. जेवाचं नसंल तं त्या दिवशी सायकल आपल्या सामानाच्या गाडीत टाका अन् तिच्यातच बसून या." असा राग आला मले! म्हटलं, तू कोण वं बाई, माह्या मायच्या उपासात बोट घालणारी? मनातच म्हटलं. ती खोटं थोडीच बोलली होती.

यवतमाळच्या दवाखान्यात तू माहा हात धरून म्हटलं होतं, "माह्या चतुर्थ्या तू चालव. खंड पडू देऊ नको." तेव्हापासून एक सोडली नाही. तापात नाही, पोरीच्या लग्नात नाही. तुह्या साड्या विरल्या, मुकुटबनचं घर गेलं. तुही म्हणावी अशी माह्यापाशी एवढीच गोष्ट उरली. म्हणून जीव अडकला आहे, देवाच्या भीतीनं नाही. ही सुटली तं तू खरंच गेली, असं होईन.

मुकुटबनची चूल दिसून राह्यली मले. मी लहान, छातीत घरघर, चार पावलं पळली की ओठ निळे. "माही पोरगी पळू दे," म्हणून तू चतुर्थी धरलेली. दिवसभर कापूस वेचून ये, उपाशीपोटीच सैपाक करे. माहं काम एकच, अंगणात उभं राहून चंद्र निघाला की ओरडाचं, "माय, निघाला वं!" एकदा मीबी तुह्यासंगं उपास धरला अन् माहं ताट कोनाड्यात लपवलं. तुले ते सापडलं. अशी थापड घातली पाठीत! "मी कोणासाठी उपाशी मरून राह्यली वं? तुह्या पोटात अन्न नाही तं माहा उपास कोणत्या कामाचा?" मग मांडीवर घेऊन भरवलं, वांग्याची भाजी अन् भाकर. रडून कोण राह्यलं होतं, तू का मी, ते आता आठवत नाही. दोघीबी असन.

दवाखान्यातल्या मायचं ऐकू का चुलीपाशी थापड मारणाऱ्या मायचं, या विचारानं महिनाभर डोकं फुटून राह्यलं होतं. काल ती किराणावाल्याची सून दुकानात आली. कोपरावरचा डाग अजून लाल आहे. सहज सांगते मले, "काकू, घाटात मी तुमच्याच मांगं राहीन." बाप्पा! एवढा भरवसा! ती गेली अन् मी कणीक काढली, गुळाच्या दशम्या केल्या. घाटाच्या पायथ्याशी त्या दिवशी मी खाईन, साऱ्याईसमोर, पोटभर. तुले पळणारी पोरगी पाह्यजे होती ना, मग तिले खाऊ दे.

हा कागद मशीनीच्या खणात ठेवते. तुह्याकडं येणारा पोस्टमन अजून जन्माले आला नाही. पण एक गोष्ट तुह्या जावयालेबी माहीत नाही, ती सांगते. तू गेल्यापासून दर चतुर्थीले चंद्र निघाला की मी ताटावर बसाच्या आधी अंगणात जाते अन् हळूच म्हणते, "माय, निघाला वं." कोणी ऐकू नये म्हणून तोंडावर पदर घेते. त्या रात्री मी चिखलदऱ्याले, भरल्या पोटानं, मोठ्यानं ओरडीन. ऐकू आलं तं तूबी जेवून घेजो.