हिरवा ठिपका

११ नोव्हेंबर

माफ कर, डायरी. दिवाळीची सुट्टी संपली तरी तुला उघडलं नाही. लिहायला बसले की नमिताच येणार, हे माहीत होतं.

माझ्या चौथीतली नमिता. दिवाळीआधी डेंग्यूने गेली. पटावर अजून आहे.

आमच्या सरकारी शाळेत हजेरी मोबाईलवर. ‘गैरहजर’ दाबलं की घरी आपोआप मेसेज — ‘आपला पाल्य आज आला नाही. कारण कळवा.’

कारण कळवा! तिच्या आईला, सरस्वतीबाईंना? बोट धजलं नाही. ‘हजर’ दाबलं, नावापुढे हिरवा ठिपका आला. तेव्हापासून रोज दाबतेय.

१२ नोव्हेंबर

स्मार्ट बोर्डवर हजेरी उघडीच राहिली. तेजस ओरडला, “मॅडम, नमिता हिरवी दिसतेय! आलीय काय ती?” मागून कोणीतरी — “भूत हाय रे!” कोणी हसलं नाही. सगळ्यांनी तिच्या बाकाकडे पाहिलं. मीसुद्धा.

बोर्ड बंद केला. अपूर्णांक खडूने शिकवले.

१८ नोव्हेंबर

हरेश सरांना सांगितलं. मुख्याध्यापक म्हणून तेच नाव काढू शकतात. पण कारण निवडावं लागतं. ‘मृत्यू’ निवडलं तर दाखला जोडायचा. तो मागायला जाणं माझ्याच्याने होईना.

सर म्हणाले, “मग ‘शाळा बदलली’ टाकू. कागद लागत नाही. रोज कोणीतरी खासगीत जातंच की आपल्याकडून!”

माझी ईश्वरी कोपरखैरण्याला खासगी शाळेत शिकते. मी कोणत्या तोंडाने बोलणार? होकारार्थी मान हलवली.

१९ नोव्हेंबर

ठिपका गेला. हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

२० नोव्हेंबर

सरस्वतीबाई दिघ्याहून चालत आल्या. वर्गाच्या दारात उभ्या, हातात मोबाईल.

“मॅडम, रोज सकाळी यायचा — ‘नमिता शाळेत सुखरूप पोचली.’ खोटा हाय, कळत होतं मना. तरी तो वाचूनच घास उतरायचा.”

‘हजर’चाही मेसेज जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? माझी मुलगी या शाळेत नाही.

“काल ह्यो आला.” फोन माझ्यापुढे धरला. ‘नमिताला नव्या शाळेसाठी शुभेच्छा!’

रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “कोनत्या शाळेत घातलीत मॅडम तिला?”

उद्या: शाळेआधी त्यांच्या घरी जाऊन दाखला मागणे.