चारशे दारं आणि एक विद्यार्थी

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात, आणि ताई अजून रोज सकाळी तुम्हाला फिरायला हाकलते का, ते कळवावं. इकडे सगळे मजेत. मी तर जास्तच, कारण या वयात विद्यापीठात शिकून आलो! शिक्षण फुकट होतं. मला ते पडलं एवढ्याला: पाच दिवस दुकानाला कुलूप (तेवढं मात्र घरचं), नव्या चपलेचा अंगठा, आणि किल्ली हरवून माझ्या नावानं बोटं मोडत स्वतःच्याच दारात बसलेली तीन गिऱ्हाइकं.

झालं असं, की इथल्या विद्यापीठानं समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाशी सोयरीक जुळवली आणि दोघांनी मिळून आमच्यासारख्या लहान धंदेवाल्यांना वर काढायचं मनावर घेतलं. वर्गात आम्ही बावीस जण. शिंपीणबाई, सायकलवाला, गिरणीवाला, आणि शेवटच्या बाकावर तुमचा हा कुलूपवाला (जुनी सवय). पलीकडून आलेल्या प्राध्यापकबाई फार गोड, पण दुभाष्या महाआळशी. बाई पाच मिनिटं तळमळून बोलायच्या आणि हा जांभई आवरत म्हणायचा, "गिऱ्हाइकाशी नीट बोला." (भाषा कळत नसली तरी मला कान आहेत. बाई निदान चार गोष्टी सांगत होत्या.)

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून तुम्ही काय करता? मी म्हटलं, "बाई, माझं गिऱ्हाईक परत आलं, तर ते भांडायलाच येतं." यावर बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मधल्या सुट्टीत मला वसतिगृह दाखवायला घेऊन गेल्या. चारशे दारं, दाजी! आणि कुलपं अशी, की जवळ जाऊन खोकलं तरी उघडतील. ती सगळी बदलायची आहेत, आणि काम प्रमाणपत्रवाल्यालाच मिळणार. मी जिना उतरेपर्यंत मनातल्या मनात चारशे किल्ल्या घासूनही टाकल्या.

पण प्रमाणपत्राला एक अट आहे. शिकलेलं पुढे एका माणसाला शिकवायचं. तो आपल्या घरात राहणारा चालत नाही, आणि "मी यांच्याकडून शिकलो" अशी त्याची सही लागते. फॉर्म शनिवारी द्यायचा, नाहीतर चारशे दारं दुसऱ्याची. मला काळजी नाही. माझ्याकडून शिकायला इथे माणसं नुसती रांग लावून उभी आहेत.

तुमचा मेहुणा

ता. क. सोबत फॉर्म आहे. दाजी, तो शिकणारा माणूस तुम्ही व्हा. पस्तीस वर्षं हेडमास्तरकी केलीत, आणि पाहुण्यांसमोर "हा आमचा मेहुणा, शाळेनं याला लवकर मोकळं केलं" असं म्हणता, ते मी दरवेळी हसून घेतो. आता एकदा तुम्ही माझ्या वर्गात बसा. धडा एका ओळीचा आहे: गिऱ्हाइकाशी नीट बोला. वाचलात ना? मग शिकलात. सही करून उलट टपालानं पाठवा.

ता. ता. क. सही जरा बारीक करा. वर पाच नावं खोडलेली आहेत, त्यांच्याखाली बोटभरच जागा उरली आहे.