दुर्मुखाचा सफारी आणि पेडगावचा हुरडा

पालम,
दि. २४ जानेवारी १९८९

तीर्थरूप माधवराव मामा यांच्या चरणी पालमहून जावई मार्तंडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग प्रत्यक्षच घालायचा, पण परवाच्या मारामारीत कंबर धरली आहे, सबब कागदावर मानून घ्यावा. मारामारीचं पुढे येईलच.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, आणि हे वाक्य मी आज रीत म्हणून लिहीत नसून अगदी छातीवर हात ठेवून लिहितो आहे. आपला गुडघा थंडीत कुरकुरतो का? मामींचा खोकला काढ्याने हटला की काढ्यालाच हटवून बसला? तांबडी व्याली असेल तर खरवसाची आठवण तेवढी आमच्या वाटची काढावी.

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपला जीव टांगणीला लागणार नाही. माझी नोकरी शाबूत आहे. आपल्याला ठाऊकच आहे की मी या शाळेत जून आला की तात्पुरता नेमला जातो आणि एप्रिल सरला की मोकळा होतो, आणि उन्हाळाभर सुमंगला माझ्याकडे अशा नजरेने बघते की जणू मी घरजावई व्हायच्या बेताने मुद्दामच असं करतो आहे. यंदा एक जागा कायमची भरायची आहे. कुणाला भरायचं ते संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ठरवणार, आणि आबासाहेब ज्याच्याकडे बघून मान हलवतील तो तरला. या एका मानेपायी मी परवाच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांचं नाटक बसवलं, आणि मामा, बुडता बुडता राहिलो.

नाटकाचं खूळ गणपतीत डोक्यात शिरलं. मंडळाने व्हीसीआर भाड्याने आणला आणि कुठला तरी विलायती सिनेमा लावला. त्यात एक उडणारा माणूस जग वाचवतो आणि दुसरा ते बुडवायला बघतो. भाषा सबंध मैदानात एकालाही कळत नव्हती. (इंग्रजीचे सर समोरच होते, पण त्यांनी सर्दीचं निमित्त सांगून लवकर घर गाठलं.) बोलणं कळेना, म्हणून मी कपडे बघत बसलो, आणि बघता बघता मला मोठाच उलगडा झाला. हिरोच्या कपड्यांवरून काही म्हणजे काही समजत नाही. ते त्याला कुणी तरी दिलेले असतात, आणि तो ते बिचारा निमूट घालतो. व्हिलन मात्र आपलं कापड स्वतः पसंत करतो, त्यामुळे तो तोंड उघडायच्या आत त्याचे कपडे त्याची चुगली करतात. त्या सिनेमातल्याचे खांदे इतके रुंद होते की त्याला दारातून आडवं होऊन जावं लागे. असा माणूस कुणाच्या घरी जात नाही, लोकांनीच त्याच्याकडे जायचं. हातात मोजे, म्हणजे दुसऱ्याच्या ताटाला हात लावणार नाही. पांढरे बूट, म्हणजे पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात पाऊल टाकलेलं नाही. आणि अंगात एकही खिसा नाही. खिसा नसलेल्या माणसाचं सगळं सामान दुसरी माणसं वाहतात, हे मला तिथे खुर्चीतल्या खुर्चीत पटलं.

तर मी नाटक लिहिलं. हिरो गगनवीर, व्हिलन दुर्मुख. दुर्मुखाला गोदावरीचं सगळं पाणी एका टाकीत भरून न्यायचं असतं. गगनवीर व्हायला खेळाचे सूर्यभान सर लगेच तयार झाले, कारण पाठीवर काही तरी फडफडणार होतं. (मुख्याध्यापक भगवानरावांच्या घरचा टेबलक्लॉथ मिळाला. डाळीचा डाग आतल्या बाजूने घेतला.) दुर्मुख व्हायला मात्र कुणी पुढे येईना. अध्यक्षांच्या समोर वाईट माणूस कोण होणार? शेवटी लिहिणाऱ्यानेच व्हावं असं ठरलं.

आता कापडाचा प्रश्न आला, आणि मामा, इथून पुढे आपण जरा टेकून बसावं. धोंड्याच्या महिन्यात आपण मला अनारशांबरोबर जो सफारीचा कपडा दिलात तो ट्रंकेत तसाच होता. वांग्याच्या रंगाचा, त्यात सोनेरी रेघ, आणि उजेड बदलला की हिरवा मारतो तो. आपण सुमंगलाला म्हणाला होतात की जावयासाठी परभणीचा सगळा कापडबाजार पालथा घातला. मी तो शिवला नाही, कारण तो घालून वर्गात गेलो असतो तर पोरांनी फळ्याकडे बघितलंच नसतं. पण दुर्मुखासाठी याहून योग्य कापड त्रिभुवनात नव्हतं. उजेडागणिक रंग बदलणारं कापड अंगावर कोण घालील? ज्याचा शब्द माणसागणिक बदलतो तो. सिताराम टेलरकडे गेलो, खांद्यात जुन्या गादीचा कापूस भरून घेतला, कॉलरीत खडूच्या खोक्याचा पुठ्ठा घातला आणि बजावून सांगितलं की खिसा एकही ठेवायचा नाही. त्याने तीनदा विचारलं, एक तरी ठेवू का. सुमंगलाने तयार सफारी बघितला आणि बाबांनी एवढ्या मायेने दिलेल्या कापडाचा राक्षस केला म्हणून माझ्याशी बोलणंच टाकलं.

संमेलनाला आबासाहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर, थंडी म्हणून शाल गुंडाळून बसले होते. मी प्रास्ताविक केलं. (तेवढं केलं नसतं तर काय बिघडलं असतं, पण हातात माईक आला की मास्तर कुणाच्या बापाचा राहत नाही.) कपड्यांवरून दुष्ट माणूस कसा ओळखावा यावर मी रंगून बोललो. खांदे सांगितले, मोजे सांगितले, आणि शेवटी म्हणालो की आता जे कापड आपण बघाल ते स्वतःच्या राजीखुशीने अंगावर चढवणारा माणूस काय लायकीचा असेल हे आपणच ठरवा. टाळ्या पडल्या. मग आत जाऊन सफारी चढवला, मिशा लावल्या आणि हॅलोजनच्या झोतात येऊन उभा राहिलो.

पुन्हा टाळ्या पडल्या आणि मधेच थांबल्या. भगवानरावांनी माझ्याकडे बघितलं, शेजारी बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. हॅलोजनची ऊब लागली म्हणून आबासाहेबांनी शाल काढली होती. शालीखाली सफारी होता. वांग्याच्या रंगाचा, सोनेरी रेघेचा, आणि माझ्याबरोबरच हिरवा मारणारा.

दुर्मुखाने प्रवेशालाच गडगडून हसायचं होतं, त्याऐवजी मला उचकी लागली. आबासाहेब एकदा आपल्या बाहीकडे बघत होते, एकदा माझ्या. मला वाटलं, आता व्हिलनला सुधारल्याशिवाय तरणोपाय नाही. मी लिहिलेलं सगळं सोडून दिलं आणि पहिल्याच प्रवेशात जाहीर केलं की मी गोदावरीचं पाणी चोरणार नसून ते पालमच्या गोरगरिबांच्या शेताला देणार आहे, आणि एका शाळेला इमारतही बांधून देणार आहे. सूर्यभान सर टेबलक्लॉथ सावरत आले ते गोंधळून उभेच राहिले. मी हळूच म्हणालो की आता मारू नका, मी चांगला झालोय. पण ते खेळाचे शिक्षक, तालमीत बसलेलं बदलत नाहीत. त्यांनी ठरल्याप्रमाणे लाथ घातली. इतक्या दानशूर माणसाला विनाकारण लाथ बसलेली बघून बायकांच्या बाजूने हळहळ उमटली, आणि पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बंगल्यावर बोलावणं आलं, सफारी घेऊन या म्हणून. निघताना सुमंगला दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "काही विचारलं तर खरं सांगा." आपल्या लेकीचा हा गुण आपल्याकडून आला नसावा, हे मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

आबासाहेब ओसरीवर बसले होते, अंगात तोच सफारी. माझ्या हातातली पिशवी घेतली, कोट मांडीवर पसरला आणि बोटांनी रेघ चाचपत बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी काल म्हणलात, व्हिलन आपलं कापड सोता निवडतो. हे कापड म्या सोता निवडलंय. हैदराबादला जाऊन." मी खांबाला टेकलो. त्यांनी कोटाची घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या लग्नात सगळ्या मानकऱ्यांला हेच दिलं बघा. लय हौसेनं दिलं. वर्ष व्हत आलं. एकाच्या बी अंगावर दिसलं न्हाई. म्हणलं कुणी तरी घालंल, मंग आपुन घालावं. वाट बघून बघून काल म्याच घातलं, तर समोर तुमी."

मामा, खरं सांगतो, मला त्या माणसाचं वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, शब्द टाकला तर तालुका हलेल, आणि वर्षभर रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगाकडे बघतो आहे की आपण दिलेलं कुणी ल्यालं का. मी इतका विरघळलो की पुढच्या प्रश्नाला बेसावध सापडलो. त्यांनी विचारलं, "तुमाला तर म्या टॉवेल-टोपी दिल्ती. मंग हे कुठलं?" मी म्हणालो, सासऱ्यांनी धोंड्यात दिलं. म्हणालो आणि जीभ चावली. कारण त्यांच्या मानकऱ्यांत पेडगावचे माधवराव होते हे त्यांना आठवलं, आणि मला कळलं की परभणीचा कापडबाजार आपण नेमका कुठे पालथा घातलात.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी माधवरावनं बी फिरवला म्हणा की," एवढंच म्हणाले. तो उतरलेला चेहरा, माझी कायमची जागा आणि आपली इज्जत, तिन्ही एकदम डोळ्यांसमोर आली आणि मी सुमंगलाचा उपदेश बाजूला ठेवला. म्हणालो, छे छे, भलतंच. आबासाहेब, तुम्ही दिलेला कपडा मामांनी तेव्हाच शिवून घेतला. सणावाराला तोच घालतात. तो इतका आवडला की जावयालाही तस्साच पाहिजे म्हणून बाजारभर हिंडून त्याच जातीचा दुसरा कपडा शोधून आणला.

आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला (सूर्यभान सरांनी लाथ घातली त्याच जागी, पण मी हूं केलं नाही) आणि म्हणाले, "मास्तर, जूनपासून तुमी आमचे. कायमचे." मी बंगल्यावरून घरी कसा आलो ते आठवत नाही. सुमंगलाला नोकरीचं सांगितलं, बाकीचं नाही. तिने देवापुढे साखर ठेवली आणि जेवताना दोनदा हसली. किती वर्षांनी रात्री निवांत झोप लागली म्हणून सांगू.

मामींना नमस्कार, धाकट्यांना त्यांच्या त्यांच्या खोड्यांच्या मानाने आशीर्वाद. लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर ते जावयाचं म्हणून खपवून घ्यावं, हे वि.

आपला (आणि जूनपासून संस्थेचाही),
मार्तंड

ता. क. सांगायचं राहिलं. तुमचा तो सफारी डोळ्यांनी बघायचाच, असं आबासाहेबांनी मनात घेतलं आहे आणि येत्या रविवारी ते पेडगावला आपल्या रानात हुरड्याला येत आहेत. कायमच्या कागदावर सही तिथून परतल्यावर करणार. तेव्हा शनिवारी सुमंगला येते आहे, तिच्याबरोबर दुर्मुखाचा सफारी पाठवतो. खांद्यातला कापूस आणि कॉलरीतला पुठ्ठा काढून टाकला आहे. आपण जन्मात धोतर सोडलं नाही हे मी जाणतो. काळजी नको, सूर्यभान सरांची लाथ खाऊन आपटलो तेव्हा पँट मागून उसवली आहे, कोट धोतरावरच घालावा. खिसे नाहीत, तंबाखूची चंची कमरेला खोचावी.

ता. क. दुसरा. सुमंगलाला एवढंच सांगितलं आहे की पाहुण्यांच्या मानासाठी आपण घालणार आहात. कापडबाजाराबद्दल तिला अजून काही माहीत नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही. आपण रविवारी कोट घातलात म्हणजे झालं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना आबासाहेबांचा निरोप आला. एवढा कदरदान माणूस दुसरा नाही, म्हणून लग्नासाठी आणलेल्या ठाणातलं उरलेलं सगळं कापड ते आपल्याला आहेर म्हणून घेऊन येत आहेत, आणि या खेपेला तिथल्या तिथे माप घ्यायला सिताराम टेलरलाही जीपमध्ये घालून आणत आहेत. स्वतःच्या हातची शिवण तो बांधावरून ओळखील. तरी मामा, तो जीपमधून उतरताक्षणी त्याच्या तोंडात गरम हुरडा कोंबावा, आणि आबासाहेब परतीला लागेपर्यंत ते तोंड रिकामं होऊ देऊ नये.