दोन तासांत दहा वेळा

६ जानेवारी, सोमवार

हाकललं! आज पुन्हा हाकललं मला. सकाळी आठपासून दिपालीबरोबर सरकारी दवाखान्यात रांगेत उभा. नंबर आला, तर दारावरचा वॉचमन हात आडवा घालून म्हणतो — "जेन्ट्स बहार! खाली लेडीज!" म्हणजे फक्त बायका. मी म्हटलं, भाई, मी बाप आहे. "तो शुं?" म्हणे, मग काय झालं! तो शुं! डोक्यात तिडीकच गेली. चार लोक वळून बघतील एवढ्या मोठ्याने बोललो. दिपालीने शर्ट ओढला — "ऱ्हाऊ द्या ना, लोके पाही राह्यनात." मग पायरीवर बसलो. आत डॉक्टरीण काय म्हणाली ते तिच्याकडून तुकड्या-तुकड्याने काढून घेतलं. सातवा चालू. बाकी बरं आहे. रक्त कमी. गोळ्या दिल्या.

कामावर खाडा पडला तो पडला. पडू दे.

मागच्या वर्षी रीतीप्रमाणे तिला माहेरी पाठवली होती, शिंदखेड्याकडे. सहाव्यातच गेलं. मी इथे गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर. दुसऱ्या दिवशी पोचलो तर सगळं उरकलेलं, अंगण सारवलेलं. बाळ मी बघितलंसुद्धा नाही. मुलगा की मुलगी तेही कोणी धड सांगेना. सासरे म्हणाले, "पाव्हनं, चहा घ्या." आणि मी घेतला!

म्हणून या वेळी ठणकावून सांगितलं — माहेर नाही. जे होईल ते माझ्या डोळ्यांसमोर. माय नाक मुरडते. "बाईस्ना काममा माणूसनं काय काम?" म्हणते. असू दे तिचं. दुधाने तोंड पोळलंय माझं.

८ जानेवारी, बुधवार

सरलाबाई येऊन गेल्या. आमच्या गल्लीच्या आशाबेन, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, मूळच्या धुळ्याच्या. त्यांना वॉचमनचं सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, आत नाही सोडत तर घरी काम कर ना. बाळ मोज." जेवण झालं की दिपालीने डाव्या कुशीवर निजायचं. दोन तासांत बाळ दहा वेळा हललं पाहिजे. दहा झाले की सुटलो. कमी झालं तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. "मोजायचं आईनं, लिहायचं बापानं."

ही वहीही त्यांचीच, दवाखान्याचं लिहायला मागे दिलेली. आकडे पुढच्या पानांवर, बाकीचं हे मी मागच्या पानांवर माझ्या मनाने लिहितो. बारावीनंतर हातात पेन धरलाच नव्हता.

९ जानेवारी, गुरुवार

साडेसातला खात्यातून, लूमच्या कारखान्यातून आलो. हातपाय धुतले. दिपालीच्या पोटावर हात ठेवला. हललं! बारीक, थरथरल्यासारखं. मी ओरडलोच. माय चुलीपुढून धावत आली, तिला वाटलं काय झालं!

पंधरा मिनिटांत दहा झाले. दिपालीला विचारलं तर म्हणते, "माले तीनच लागनात." मी म्हटलं, तू बोलत होतीस, लक्ष नव्हतं तुझं.

अक्षर किती वाकडं आलंय! बारा तास लूमवर उभं राहिलं की पेन हातात ठरत नाही.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. दुपारी दोन तास हात ठेवून बसलो. मला दोनच. दिपाली म्हणते अकरा. एवढा फरक कसा? मनाने सांगत असेल, मी घाबरू नये म्हणून. आज अकरा लिहिले, पण मन मानत नाही.

माय म्हणाली, आज तुले सुट्टी, त्याले बी सुट्टी. हसलो सगळे.

१५ जानेवारी, बुधवार

उत्तरायणचे दोन दिवस खातं बंद. काल सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर, काय ती बोंबाबोंब! मी खाली तिच्याजवळ. माझ्या हाताला काल एक, आज दोन. आवाजाने बिचकलं असेल. उद्या कामावर गेलो की शांत होईल घर.

१६ जानेवारी, गुरुवार

चौदा! वीस मिनिटांत. माझी वाट बघतं ते. मी आलो की नाचतं.

२२ जानेवारी, बुधवार

खात्यात कळलंय सगळ्यांना. जेवणाच्या सुट्टीत हिलाल आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे वाल्मिक, तुलेच दिवस ग्यात का?" आठजण डबा सोडून हसले. हसतील त्यांचे दात दिसतील! मीही म्हटलं, हो आप्पा, मलाच डोहाळे लागलेत. आप्पा चहा पीत होते. तीस वर्षं लूमवर काढलीयत त्यांनी, कप हातात धरला की आतला चहा हलतो. म्हणून अर्धाच भरून घेतात.

पण मग बाजूला घेऊन म्हणाले, "बेस करी राह्यना. मी चार पोऱ्यास्ना बाप, पन एकबी कधी जन्मना माले माहीत नही."

येताना दिपालीसाठी गाडीवाल्याकडून लोचो आणला. वर शेव जास्त टाक म्हटलं. तिने खाल्ला आणि म्हणाली, अजून.

आज सोळा.

१ फेब्रुवारी, शनिवार

जरा वाजलं आमचं. ती म्हणते, तुम्ही सांगता तसं नाही हलत ते. "ते लाथ मारस. गुद्दा बसस मधून. थरथर नही करत." मी म्हटलं, तुला आतून लागतं, मला बाहेरून. भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून ऐकण्यात फरक असणारच. ती मोजता मोजता झोपते, मी झोपत नाही. आता माझाच आकडा लिहायचा असं ठरवलं. माझा हात आहे तिच्या पोटावर. हातच्या काकणाला आरसा कशाला!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आत सोडलं!!

वॉचमनला वही दाखवली. तो ती आत घेऊन गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतः बोलावलं. पानं उलटली. म्हणाल्या, "बहु सरस! आवा बाप केटला?" असे बाप किती! नर्स, शिकाऊ डॉक्टर, सगळे बघत होते माझ्याकडे. मशीन लावून ठोके ऐकवले. घोडा पळावा तसे! वजन अजून थोडं कमी, पण ठोके छान.

दिपाली बाहेर आल्यावर म्हणाली, "माले काही इचारंच नही. सगळं तुम्हलेच." लटक्या रागाने म्हणाली. की खऱ्या? मी फार खूश होतो, लक्ष दिलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मला दोन. तिला दहा, पण दीड तास लागला म्हणते. रविवारचं असंच असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिपालीला पूर्ण दोन तासांत सातच. मला एक. ती म्हणाली दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, आज रविवार, मोठे डॉक्टर नसतात. उद्या संध्याकाळी बघू. उद्याही कमी झालं तर लगेच रिक्षा.

जेवण गेलं नाही मला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

देवा, जिवात जीव आला! पंधरा! अर्ध्या तासात. धावत आलो होतो स्टँडवरून, हात धुवायलाही थांबलो नाही. ती म्हणते तिला जेमतेम दोन लागले दिवसभरात. मी म्हटलं, बघ हा माझा हात, बघ, आता हललं, आता परत. तिनेही माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे. मग हसली. मायही म्हणाली, नववा लागना म्हणजे जागा ऱ्हात नही, शांत व्हस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ती रडली. "आज काहीच नही." मी हात ठेवला. सोळा. तिच्यासमोर मोठ्याने मोजले. मागच्या वेळची भीती बसलीय हिच्या मनात. रागावलो जरा. अशी रडलीस तर त्याला काय वाटेल आत?

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. नको म्हटलं तरी तिने उपास धरला. आज लवकर सुटलो, पाचला. चौदा. मी विचारलं, तुला किती? भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुमनं खरं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सहाला तिनेच उठवलं. लुगडं नेसून, पिशवी भरून तयार. "तुम्ही या, नही तर मी एकली जास." मी पोटावर हात ठेवला. काहीच नाही. झोपलं असेल म्हटलं. सकाळी कधी मोजलंच नव्हतं.

मशीन लावलं. सरकवलं. परत लावलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. खोलीत तेवढा पंख्याचा आवाज. मी म्हटलं, मॅडम, त्या दिवशी कसे घोड्यासारखे, तसे लावा ना. त्यांनी मशीन पुसून ठेवलं.

नाही म्हणाल्या. नाही.

"ओछामां ओछा बे दिवस." कमीत कमी दोन दिवस! मी वही काढली. पान काढून दाखवलं — पंचवीस तारीख सोळा, सव्वीस चौदा. कालचं आहे मॅडम, कालचं! काल हलत होतं, माझ्या हाताला लागलंय! त्यांनी पान वाचलं. माझ्याकडे बघितलं. वही मिटून परत दिली.

खोटं बोलतात. यांचं मशीन बिघडलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी चार वाजता. मुलगी.

कळा देऊन काढावी लागली. रात्रभर नि अर्धा दिवस. मला आत सोडलं नाही. दाराच्या फटीतून दिपालीचा आवाज येत होता, रडणारा दुसरा आवाज आलाच नाही.

या वेळी मी बघितली. केस भरपूर. नाक माझ्या मायसारखं. फडक्यात गुंडाळून हातात दिली. मीच नेली. हिलाल आप्पा आले होते बरोबर. खड्डा काढणाऱ्याने विचारलं, नाव? मी म्हटलं, ठेवलं नव्हतं. मीठ टाकलं. माती टाकली.

२ मार्च, रविवार

घरी आणलं तिला. दूध आलंय. मायने छातीला घट्ट फडकं बांधलं तरी भिजतं. मी पाणी दिलं की पिते.

५ मार्च, बुधवार

सोडणार नाही मी या डॉक्टरांना. मोठ्या साहेबाकडे तक्रार देतो. वही आहे माझ्याजवळ! तारीख, वेळ, आकडा. दोन दिवस आधी गेलं म्हणतात — मग सोळा कोण हललं? चौदा कोण हललं? दवाखान्यात नेलं तेव्हा काही तरी केलं असणार यांनी. सुई दिली होती एक. लिहून ठेवतो.

८ मार्च, शनिवार

सरलाबाई आल्या. तक्रारीचं सांगितलं, वही दाखवली. आकड्यांची सगळी पानं वाचली त्यांनी. विचारलं, "दिपालीचा आकडा कुठंय?" मी म्हटलं, ती झोपायची, एक फेब्रुवारीपासून माझाच लिहिलाय. त्यांनी फेब्रुवारीची पानं पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, "आईनं मोजायचं असतं रे भाऊ."

मी उठून बाहेर गेलो. एवढं केलं मी! कोणता नवरा करतो एवढं?

१२ मार्च, बुधवार

सगळे होळीला गावी चाललेत. आम्ही नाही. दिपालीने आज भाकरी केली. तिखट-मीठ विसरली भाजीत, मी खाल्ली. तिला म्हटलं, चुकलं का गं माझं काही? ती पीठ मळत राहिली.

१५ मार्च, शनिवार

तक्रार लिहून काढली. दोन पानं. सोमवारी कामावर जाईन, मंगळवारी नेऊन देईन. पंधरा दिवसांवर झाले, लूमला हात लावला नाही. अक्षर बघ किती सरळ आलंय. शाळेतल्यासारखं.

१७ मार्च, सोमवार

आज कामावर गेलो, बारा तास लूमवर. साडेसातला आलो. दिपाली डाव्या कुशीवर निजली होती. जवळ बसलो, आणि काय सवय लागलेली — हात गेला तिच्या पोटावर.

हललं.

बारीक. थरथरल्यासारखं. अगदी तसंच.

हात काढला. उशीवर ठेवला. उशी हलली. भिंतीवर ठेवला. भिंतही हलली. पाण्याच्या माठावर, दारावर, या वहीवर. सगळं हलतंय. दहा, अकरा, बारा.

दिपाली जागी झाली. "काय व्हयनं?" म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही.