दुसऱ्या पानावरची भगिनी

धायरी, पुणे
४ ऑगस्ट २००३

प्रिय वेणू हिस,
सप्रेम सलाम व अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला त्याला कारण नीरजा. आमच्या सलिलची ही थोरली लेक नगरहून आमच्याकडे राहायला आली आहे. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. सकाळी सातला कंपनीची बस तिला घेऊन जाते आणि दिवेलागणीनंतर आणून सोडते. मधल्या वेळात ती काय करते हे तिनं मला तीनदा समजावलं आणि मी तीनदा मान डोलावली. घरात तिचा कॉम्प्युटर आला आहे आणि माझं लिहायचं टेबल त्याच्याखाली गेलं आहे.

तर झालं असं की, गेल्या रविवारी पंचमंडळाच्या बैठकीत आपल्या चर्चच्या चार पानी वार्तापत्राचा विषय निघाला. 'जगभरच्या मंडळ्या' हे सदर आता हवंच कशाला, अशी एका तरुण पंचांनी शंका काढली. त्यांचं म्हणणं, युगांडापासून न्यूझीलंडपर्यंतच्या अँग्लिकन मंडळ्यांच्या बातम्या, प्रार्थना, संडे स्कूलचे धडे, सगळं हल्ली इंटरनेटवर फुकट मिळतं. मग विलायतेहून पोस्टानं शिळ्या बातम्या कशाला मागवायच्या? मी म्हटलं की बातमी शिळी असेल, पण आपल्या माणसाच्या हातची आहे. सगळे हसले आणि सदर बचावलं. मी मात्र घरी येईपर्यंत हसलो नाही.

तेव्हा वेणू, सगळी भिस्त तुझ्यावर आहे. श्यामसुंदरराव जाऊन वर्ष होत आलं. पण तू पहिल्यापासून खंबीर. तिथे तुझी पेन्शन आहे, देऊळ आहे, डॉक्टर फुकट आहे. इथे देवळात मला लोक अजून विलायतेच्या वेणूबाईंचा भाऊ म्हणून ओळखतात. तू तिथे आहेस म्हणून आमचं सदर आहे.

तीस वर्षांचा नियम तेवढा मोडू नकोस. तुझ्या पत्राचं पहिलं पान घरचं, दुसरं मंडळीचं. दुसरं पान आता छापखान्याऐवजी नीरजाच्या हातात जाईल, पण अक्षर बदलणार नाही, ही माझी जबाबदारी.

आनंदीचे गुडघे आहेत तसेच आहेत. लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहावा.

तुझा,
तात्या

*

लेस्टर
१८ ऑगस्ट २००३

प्रिय तात्या यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र पोचलं. त्या तरुण पंचांना माझा सलाम सांग आणि म्हणावं, बाबा, तुझं इंटरनेट आमच्या देवळातल्या चहाला येतं का? बातमी तिथे मिळते. तुझं टेबल गेलं म्हणून रडू नकोस. त्या टेबलाखाली पंचवीस वर्षं वहिनीला झाडू घालता आला नाही, तो आता घातला असेल.

मी मजेत आहे. यंदा इथे कधी नव्हे एवढा उन्हाळा झाला आणि इंग्रज लोक पंखे घ्यायला रांगा लावत होते. मी शेजारणीला पंचा ओला करून डोक्यावर घ्यायला शिकवलं. पुढच्याच आठवड्यात ती मुलाकडे कायमची राहायला गेली. बाग अजून बरी आहे. जिना थोडा उंच झाल्यासारखा वाटतो, एवढंच. माझी काळजी करू नकोस. नीरजाला माझे आशीर्वाद दे आणि वहिनीला म्हणावं, गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायचा हट्ट सोड, खुर्चीवरूनही ऐकू जाते.

लोभात अंतर पडू देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
वेणू

(दुसरं पान)

जगभरच्या मंडळ्या

वेल्समधील एका खेड्यातल्या देवळात वटवाघळांनी वस्ती केली आहे. त्यांना हाकलणं कायद्याला मंजूर नाही. म्हणून पाळकसाहेब वेदीवर प्लॅस्टिक अंथरून उपासना चालवतात. कापणीच्या सणाला भाविकांनी छत्र्या आणाव्यात, अशी सूचना फळ्यावर लागली आहे.

पूर्व आफ्रिकेतील एका मंडळीच्या मदर्स युनियनने शाळेचं छप्पर स्वतः चढून घातलं. पुरुषांनी शिडी धरली.

इंग्लंडमधील एका मंडळीत एक वृद्ध भगिनी आहे. यजमान वारल्यापासून ती एकटी राहते. रविवारी उपासनेनंतर चहा असतो, त्याखेरीज आठवडाभर तिचं कोणाशी बोलणं होत नाही. जेवताना ती रेडिओ लावते, म्हणजे समोर कोणी बोलतंय असं वाटतं. अजून रोज ती चुकून दोघांची कणीक मळते. तिला भाऊ आहे, पण तो लांब असतो आणि कामात असतो. वृद्धाश्रमाचा फॉर्म तिच्याकडे आला आहे. नाताळच्या आत सही करायची आहे. सही केली की सरकारी घर परत द्यावं लागेल. तिची जायची इच्छा नाही, पण तसं कोणाला सांगणं तिला जमत नाही. वाचकांनी तिची प्रार्थनेत आठवण ठेवावी.

*

धायरी, पुणे
८ सप्टेंबर २००३

प्रिय वेणू हिस,
सप्रेम सलाम व अ. उ. आ.

जिंकलीस! कालचा अंक सोबत पाठवतो आहे. वटवाघळांवर संडे स्कूलची पोरं अजून हसताहेत. पण खरा परिणाम झाला तो त्या वृद्ध भगिनीच्या बातमीचा. उपासनेनंतर मी सदर नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घरी जायला कोणी उठलं नाही. तुझ्या लेखणीत एवढा जोर आहे हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

मला राहवलं नाही. बातमीखाली मी संपादकाची टीप घातली, तीही वाचली. तुझ्या माहितीसाठी इथे उतरवतो. 'विलायतेत सगळं आहे, माणसाला माणूस तेवढा नाही. आपली सख्खी बहीण अशी रेडिओशी बोलत असताना हा भाऊ म्हणवणारा गृहस्थ कोणत्या महत्त्वाच्या कामात आहे, हे कळायला मार्ग नाही. रविवारी तो देवळात कोणत्या तोंडानं बसत असेल? आपल्या पुण्यात असं घडत नाही, याबद्दल आपण देवाचे आभार मानू आणि त्या भावाला सद्बुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना करू.' लगेच पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं करून त्याच्यासाठी प्रार्थना घेतली. आमेन मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

तरुण पंच स्वतः येऊन म्हणाले की असं काही इंटरनेटवर सापडत नाही. सदराला आता पाच वर्षं धोका नाही.

एक काम कर. त्या भावाचा पत्ता मिळव. कसाही मिळव. मी त्याला इंग्रजीत लिहिणार आहे. नोकरीत असताना मी भल्याभल्या साहेबांना पत्रं लिहून सरळ केलं आहे, हा कोण लागून गेला? आणि त्या बाईला म्हणावं, सही करू नका, धीर धरा, पुण्यातली एक अख्खी मंडळी तुमच्या पाठीशी आहे.

लोभ आहे, वाढेलच.

तुझा,
तात्या

*

धायरी, पुणे
९ सप्टेंबर २००३

प्रिय वेणूवन्सं यांस,
सप्रेम सलाम वि. वि.

मी तुम्हाला वेगळं पत्र क्वचितच लिहिते. ह्यांच्या पत्राच्या कडेला दोन ओळी खरडायच्या आणि वहिनीचं कर्तव्य झालं म्हणायचं, असंच आजवर चाललं. हे पत्र ह्यांना न सांगता नीरजाच्या हातून टाकते आहे.

वन्सं, इंग्रज बाई रोज कणीक कशाला मळेल हो?

ह्यांनी ती बातमी दोनदा तपासली. स्वल्पविराम बघितले. पण जन्मात कणीक मळली नाही, म्हणून त्यांना काही कळलं नाही. नीरजानं टाइप केली, तिचंही तेच. डबा कंपनीत मिळतो. मला मात्र देवळात ऐकतानाच उमगलं. मी मान वर केली तर डाव्या बाजूच्या बाकांवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सुंदराबाईंनी तर माझा हात धरला. त्यांना कळलं होतं. आणि पुढे उभे राहून हे त्या भावाला झोडपत होते, एकेक शब्द तोलून, चष्मा सावरून. मला हसू येईना आणि रडू आवरेना.

आता माझं ऐका. श्यामसुंदरराव गेले तेव्हा वन्संना बोलवून घ्या हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग मनात आलं, खोल्या दोनच, पाणी दोन तास, माझे गुडघे असे, आणि तुम्हाला तिकडची सवय. मी गप्प बसले. तुम्ही खंबीर आहात असं हे म्हणाले, ते मला सोयीचं वाटलं. तेव्हा प्रार्थना झाली ती एकट्या भावासाठी व्हायला नको होती.

मी ह्यांना काही सांगणार नाही. त्यांनी पत्ता मागितला आहे ना? तो तुम्हीच द्या. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना खरं वाटायचं नाही, आणि माझ्याकडून कळलं तर ते माझ्याशीच वाद घालतील. तुम्हाला इथे यायचं आहे की नाही, तेही स्पष्ट लिहा. आडून नको. नीरजा म्हणते, तिच्या खोलीत दुसरी कॉट बसते, तिनं फूटपट्टीनं मोजून पाहिलं.

चुकलंमाकलं पोटात घाला आणि वहिनीवर राग धरू नका.

तुमची,
आनंदी

*

लेस्टर
२० सप्टेंबर २००३

प्रिय तात्या यास,
सप्रेम सलाम वि. वि.

अंक मिळाला. तू मागितलेला पत्ता खाली देते. इंग्रजीत लिहायची गरज नाही, त्या गृहस्थाला मराठी चांगलं येतं.

श्री. तात्याराव साळवे
धायरी, सिंहगड रस्ता
पुणे ४११०४१

तात्या, वाचून खाली बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

तुला फसवायचा माझा विचार नव्हता. त्या दिवशी पहिल्या पानावर मी मजेत आहे असं लिहून झालं आणि दुसऱ्या पानासाठी काही बातमी उरेना. आमच्या देवळात आता आम्ही नऊजण येतो, बातम्या कुठून आणू? मग जे खरं होतं ते लिहिलं. दुसऱ्या कोणाचं म्हणून लिहिलं तर सगळं भराभर सुचलं. पाकीट चिकटवल्यावर वाटलं, तात्या ओळखेल. मग वाटलं, न ओळखला तर बरं. पोस्टाच्या पेटीपाशी मी बराच वेळ उभी होते.

तुझी टीप मी दहा वेळा वाचली. पहिल्यांदा राग आला, मग इतकं हसले की जिन्यावर बसावं लागलं, आणि मग रडले. माझ्या बाजूनं इतकं कोणी भांडलं नव्हतं रे. माझा भाऊ माझ्यासाठी भांडतोय आणि त्याला ते ठाऊक नाही.

मी आधीच का लिहिलं नाही, तर तुझ्या प्रत्येक पत्रात असतं की तू तिथे आहेस म्हणून सदर आहे. मी तिथे नसले तर तुला मी कशाला हवी, हे मला कळत नव्हतं. लोकांच्या नजरेत तू विलायतेच्या वेणूबाईंचा भाऊ. धायरीच्या वेणूबाईचं काय करशील?

वहिनीनं स्पष्ट लिहायला सांगितलं आहे, म्हणून लिहिते. मला यायचं आहे. माझ्या माणसांत राहायचं आहे. फॉर्म टेबलावर आहे, अजून सही केलेली नाही. पण कीव म्हणून बोलावणार असलास तर बोलावू नकोस, मी मुकाट्यानं सही करीन आणि तिथूनही बातम्या पाठवीन.

आणखी काय लिहू? राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वेणू

*

धायरी, पुणे
५ ऑक्टोबर २००३, रविवार

प्रिय वेणू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस मी ते खिशात घेऊन हिंडलो. आनंदीनं जेवायला वाढलं, मी जेवलो. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं की तुला ठाऊक होतं का. ती हो म्हणाली. सुंदराबाईंना? हो. सगळ्या बायकांना? हो. म्हणजे महिनाभर मी देवळात छाती काढून हिंडत होतो आणि निम्मी मंडळी माझ्याकडे बघून देवाला माझी दया करायला सांगत होती.

वेणू, मला लाज वाटते. खूप वाटते. तुझी पत्रं काढून बसलो. पहिली पानं सगळी जपून ठेवलेली, पण वाचली होती ती घाईघाईत, दुसरं पान केव्हा येतं म्हणून. शेजारीण गेली, जिना उंच झाला, हे सगळं तिथे लिहिलेलं होतं. मी बातमी शोधत राहिलो. कीव करायला मी कोण? कीव करायची तर तू माझी कर.

सदराचं काय ते ऐक. नीरजानं काल कॉम्प्युटरवर जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांची बातमीपत्रं उघडून दाखवली. उदंड आहेत. ती छापून आणील, मी मराठी करीन. सदर कसंही चालेल. नाही चाललं तर बंद पडेल. माझी बहीण मला बातम्यांसाठी नको आहे. लहानपणी माझ्या हातातला खाऊ ओढून घ्यायची आणि वर मलाच रडका म्हणायची ती वेणू मला हवी आहे. एवढं लिहायला मला बहात्तर वर्षं लागली.

आज सकाळी उपासनेनंतर मी पुढे जाऊन हे वाचलं. अंकातही पहिल्या पानावर छापलं आहे.

'चूक दुरुस्ती. गेल्या अंकात इंग्लंडमधील एका वृद्ध भगिनीच्या भावाविषयी संपादकाने टीप दिली होती. तो भाऊ म्हणजे प्रस्तुत संपादकच होय. टिपेतील सर्व विधाने बरोबर आहेत. पुण्यात असे घडत नाही, हे एकच विधान चुकीचे असून ते मागे घेण्यात येत आहे. प्रार्थनेबद्दल संपादक मंडळीचा ऋणी आहे.'

वाचताना शेवटी चष्मा पुसायला थांबलो. तरुण पंचांनी उठून माझ्या हातातला कागद घेतला आणि उरलेली ओळ त्यांनी वाचली. मग सुंदराबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की विमानतळावर महिला मंडळ येणार. पुणेकर माणसं, दुपारी एक ते चार कोणी येणार नाही, तेव्हा विमान बघून घे.

कॉट आली आहे. आनंदीनं ती खिडकीशी लावली, मग तिथे ऊन येतं म्हणून भिंतीशी, आता पुन्हा खिडकीशी. आज तिनं चार माणसांची कणीक मळली. आम्ही तिघंच आहोत हे मी सांगितलं तर म्हणाली, सवय करतेय.

तो फॉर्म फाडून टाक. पुढच्या अंकात एक चौकट मी मोकळी ठेवून घेतली आहे. मजकूर लिहून तयार आहे: 'इंग्लंडमधील ती वृद्ध भगिनी आपल्या घरी पोचली.' तारीख तेवढी घालायची आहे. ती कळव.

वाट पाहतो.

तुझा भाऊ,
तात्या